पराजयाचे पान

८ ऑगस्ट १९८४ ह्या दिवशीची गोष्ट. अमेरिकेतील लॉस एंजेलिस ह्या नगरीत ऑलिंपिक सामने भरले होते. स्त्रियांची ४०० मीटर अंतराची अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी प्रथम ठेवण्यात आली होती आणि तिच्या अंतिम फेरीसाठी आठ जणी आपापल्या मार्गावर सज्ज होऊन उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये केरळातील पय्योळी ह्या समुद्रकाठच्या गावात वाढलेली वीस वर्षांची एक मुलगी होती. तिचे नाव पी. टी. उषा.

इशारा झाला. एकामागून एक दहा अडथळे ओलांडीत त्या आठ जणी वाऱ्यासारख्या धावल्या. मोरोक्को देशाची नवाल एल मुतवकेल पहिली आली. अमेरिकेची ज्युडी ब्राउन दुसरी आली. पण तिसरी कोण? रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू आणि आपली उषा ह्या दोघींनी अंतिम रेषा जणू एकाच क्षणी गाठली होती. नुसत्या डोळ्यांना निर्णय करता येईना. अखेर रेषेवरील छायाचित्रावरून निकाल ठरला. कोजोकारूला ५५.४१ सेकंद लागले होते, तर उषाला ५५.४२ सेकंद. एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यांतील अवघ्या एका भागाने उषाचे कांस्यपदक हुकले! आपली पापणी एकदा लवते, तेवढ्या अवधीत असे निदान दहा भाग निघून जातात.

विद्यार्थिमित्रांनो, निकालाच्या कागदावर ही सारी हकीकत एका ओळीत मावते : ‘पी. टी. उषा, भारत, चौथा क्रमांक.’ त्या ओळीत खोटे काहीच नाही. तथापि, त्या मुलीने इतकी मजल कशी मारली, त्या क्षणी तिच्या मनाची अवस्था काय झाली असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने काय केले असेल, हे त्या ओळीवरून कळत नाही. ते कळण्याचा मार्ग निराळा आहे. तो म्हणजे खेळाडूंनी स्वतः सांगितलेल्या आठवणी, अर्थात त्यांची आत्मचरित्रे. उषा ह्यांनीही एका पत्रकाराच्या साहाय्याने आपले आत्मचरित्र लिहिले व ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा पुस्तकांत काय असते, ती कशी वाचावीत आणि विशेषतः खेळू इच्छिणाऱ्या मुलींना त्यांचा काय उपयोग होतो, ह्याचा विचार आपण ह्या पाठात करू.

प्रथम एक शंका मनात येईल. मुलींना अशा पुस्तकांची निराळी गरज का असावी? ह्याचे उत्तर इतिहासात सापडते. आधुनिक ऑलिंपिक सामने १८९६ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांत एकाही स्त्रीला प्रवेश नव्हता. १९०० मध्ये पॅरिस येथे स्त्रिया प्रथम खेळल्या, परंतु मोजक्याच खेळांत. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. ती संपल्यावर काही जणी दमल्या, ह्यात नवल ते काय? पुरुषही दमतातच. परंतु वृत्तपत्रांनी त्याचा मोठा गवगवा केला आणि एवढे लांब अंतर स्त्रियांच्या प्रकृतीस झेपणारे नाही, असे ठरवून टाकण्यात आले. ती शर्यत बंद झाली, आणि ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा येण्यास १९६० हे साल उजाडावे लागले. मॅरॅथॉनचे अंतर तर ४२ किलोमीटरांहून अधिक. ती शर्यत पुरुषांसाठी १८९६ पासून होती, पण स्त्रियांसाठी १९८४ मध्ये प्रथम झाली. मुष्टियुद्धात स्त्रियांना ऑलिंपिकचे दार उघडले, ते २०१२ मध्ये.

‘तुला हे जमणार नाही’ असे ज्या मुलीला सर्व बाजूंनी ऐकावे लागते, तिला केवळ उपदेश पुरत नाही. ‘हे मला जमले, आणि असे जमले’ असे सांगणारी कोणीतरी वडीलधारी बाई तिला हवी असते. अशी बाई गावात असतेच असे नाही. पण ती पुस्तकात भेटू शकते.

अमेरिकेत १८९५ साली फ्रान्सिस विलर्ड ह्या समाजसेविकेने एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात तिने कोणताही विक्रम सांगितलेला नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आपण दुचाकी चालविण्यास कसे शिकलो, एवढीच हकीकत तिने वर्णिली आहे. रोज थोडा थोडा वेळ सराव करून सुमारे तीन महिन्यांत ती विद्या तिने हस्तगत केली. ज्या काळी स्त्रीने दुचाकीवर बसणे हेच अनेकांना विपरीत वाटे, त्या काळी ह्या पुस्तकाने कितीतरी जणींच्या मनातील भीती दूर केली.

आता आपण आणखी एका पुस्तकाकडे वळू. ते आहे विल्मा रुडॉल्फ हिचे. विल्माचा जन्म १९४० मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बावीस भावंडांतील ती विसावी. जन्मतः तिचे वजन जेमतेम दोन किलो होते. लहानपणी तिला एकामागून एक दुखण्यांनी घेरले. त्यांतच पोलिओ झाला आणि डावा पाय दुबळा झाला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधून तिला चालावे लागे. त्या काळी तिच्या प्रदेशात कृष्णवर्णीयांसाठी शाळा निराळ्या, बसमधील जागा निराळ्या, रुग्णालयेही निराळी होती. त्यामुळे तिची आई तिला घेऊन सुमारे ८० किलोमीटर दूर असलेल्या नॅशव्हिल शहरी उपचारांसाठी बसने जात असे, आणि त्या बसमध्येही त्यांना मागच्याच बाजूस बसावे लागे. हा क्रम काही वर्षे अखंड चालला. डॉक्टरांकडून आईने पाय चोळण्याची पद्धत शिकून घेतली आणि मोठ्या मुलांना शिकविली. मग घरात पाळ्या लागल्या. दिवसातून चार वेळा कोणी ना कोणी भावंड विल्माचा पाय चोळीत बसे.

हळूहळू पायात बळ आले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत लोखंडी आधार कायमचा सुटला. विल्मा शाळेत बास्केटबॉल खेळू लागली, धावू लागली, आणि धावेल तेथे जिंकू लागली. तिला वाटले, आपल्याला कोण हरविणार? अशा मनःस्थितीत ती टस्किगी येथील एका मोठ्या स्पर्धेस गेली. तेथे दूरदूरच्या शाळांतील उत्तम शिकवण मिळालेल्या मुली आल्या होत्या. विल्मा त्या स्पर्धेत जितक्या शर्यती धावली, तितक्या सर्व हरली!

पुढे १९७७ मध्ये विल्माने आत्मचरित्र लिहिले, तेव्हा हा प्रसंग तिने झाकून ठेवला नाही. उलट, आपल्या घडणीत त्याचे मोल फार मोठे आहे, असे तिने सांगितले. केवळ अंगच्या वेगावर विसंबून चालत नाही, धावणे हीदेखील शिकण्याची विद्या आहे, ही गोष्ट तिला त्या दिवशी उमगली. घरी परतल्यावर ती रोज नेमाने सराव करू लागली. एड टेम्पल ह्या कडक शिस्तीच्या शिक्षकाच्या हाताखाली ती तयार झाली. १९५६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्ये चौघींच्या रिले शर्यतीत तिला कांस्यपदक मिळाले. १९६० मध्ये रोम येथे तिने १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदके जिंकली. त्या रिले शर्यतीत शेवटच्या टप्प्यावर बॅटन हाती घेताना ती निसटता निसटता वाचली. त्यामुळे विल्मा मागे पडली. पण तिने धीर सोडला नाही, आणि पुढे गेलेल्या जर्मन धावपटूला गाठून मागे टाकले.

ती आपल्या गावी परतली, तेव्हा तिच्या सत्काराची सिद्धता चालली होती. गोरे आणि कृष्णवर्णीय ह्यांनी निरनिराळे बसावे, ही तेथील जुनी रीत. विल्माने सांगितले की, असा सत्कार आपण स्वीकारणार नाही, सर्वांनी एकत्र यावे. गावाला तिचे म्हणणे मान्य करावे लागले. त्या गावातील सर्व वर्णांच्या लोकांचा तो पहिलाच एकत्र समारंभ ठरला. पायाने चालता येईल की नाही अशी जिची काळजी घरच्यांना होती, तिने गावाला एक पाऊल पुढे टाकावयास लावले.

आपल्या देशातील पुस्तकांतही असेच प्रांजळपण आढळते. एव्हरेस्ट शिखरावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल ह्यांचे आत्मकथन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या हिमालयातील उत्तरकाशीजवळच्या नाकुरी ह्या गावच्या. १५ मे १९८४ च्या रात्री त्या डोंगरावरील तिसऱ्या तळावर तंबूत झोपल्या असता, बर्फाचा प्रचंड लोट वरून कोसळला आणि तंबूसह सर्व जण त्याखाली गाडले गेले. एका सोबत्याने सुरीने तंबू फाडला, त्यांच्या भोवतालचे घट्ट झालेले बर्फ खरवडून काढले व त्यांना बाहेर ओढले. त्यांच्या डोक्याला मार बसला होता. जखमी सोबती खाली परतले. तेव्हा मोहिमेच्या नेत्याने त्यांना विचारले की, तुम्हांला भीती वाटली काय? त्यांनी होय म्हणून सांगितले. मग परत जावयाचे आहे काय, असे विचारता त्यांनी नाही म्हणून सांगितले. २३ मे १९८४ रोजी दुपारी १ वाजून ७ मिनिटांनी त्या शिखरावर उभ्या होत्या.

ह्या दोन उत्तरांकडे नीट लक्ष द्या. शूर माणसाला भीती वाटत नाही, अशी आपली समजूत असते. त्यामुळे परीक्षेच्या किंवा सामन्याच्या आदल्या रात्री पोटात गोळा आला, की आपण स्वतःला भित्रे ठरवून मोकळे होतो. बचेंद्री पाल ह्यांनी भीती कबूल केली आणि तरीही पुढे जाण्याचे ठरविले. ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात, हे त्यांच्या अनुभवावरून आपल्याला समजते.

मणिपूरच्या मेरी कोम ह्यांचे आत्मचरित्र २०१३ मध्ये निघाले. त्यांचे आईवडील शेतात राबणारे. इंफाळला राहून त्या मुष्टियुद्ध शिकू लागल्या, पण ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती. २००० मध्ये त्यांनी राज्यस्पर्धा जिंकली आणि त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात झळकले. वडिलांना मुलीचा खेळ कळला, तो त्या वर्तमानपत्रातून! ते रागावले. मुलीच्या चेहऱ्याला इजा झाली, तर तिचे लग्न कसे होणार, ही त्यांची चिंता होती. पुढे मुलीची निष्ठा पाहून तेच वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. २००७ मध्ये मेरी कोम ह्यांना जुळे मुलगे झाले, आणि २००८ मध्ये त्यांनी पुन्हा जगज्जेतेपद मिळविले. २०१२ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध प्रथम खेळले गेले, तेव्हा त्यांनी कांस्यपदक पटकाविले.

ही पुस्तके वाचताना चार गोष्टींवर बोट ठेवून वाचावे. पहिली गोष्ट, खेळाडूच्या मदतीला कोण कोण आले? विल्माची भावंडे, उषाचे गुरू नंबियार, तंबू फाडणारा सोबती, ह्यांच्या वाट्याला पदक आले नाही. परंतु त्यांच्यावाचून ते पदक मिळते ना. दुसरी गोष्ट, वाट अडविणारे काय होते? कधी ते दारिद्र्य असते, कधी दुखणे, तर कधी केवळ लोकांची जुनी समजूत. तिसरी गोष्ट, पराजय कोठे सांगितला आहे? आणि चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पराजयाच्या दुसऱ्या दिवशी काय घडले?

परंतु एक सावधगिरीही बाळगावयास हवी. आत्मचरित्र हे यश मिळाल्यानंतर लिहिले जाते. त्यामुळे मागे वळून पाहताना वाट सरळ दिसते. स्मरण अपुरे असू शकते, आणि पुष्कळदा खेळाडूच्या तोंडची हकीकत दुसरा कोणी लिहून काढतो. शिवाय, आंब्याला मोहर येतो तेवढी फळे धरत नाहीत. तेवढेच श्रम करूनही ज्यांना पदक लाभले नाही, अशा कितीतरी खेळाडूंची पुस्तके निघतच नाहीत. म्हणून ‘मी इतका सराव केला, तर मला पदक मिळालेच पाहिजे’ असा हिशेब ह्या पुस्तकांतून काढू नये. ती पुस्तके आपल्याला पदकाचे वचन देत नाहीत. पडल्यावर उठता येते, एवढे मात्र ती दाखवून देतात.

आता पुन्हा उषा ह्यांच्याकडे वळू. तो शंभरावा भाग हुकल्यावर त्यांनी काय केले? त्या पुन्हा सरावाला लागल्या. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, जाकार्ता येथील आशियाई मैदानी स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णपदके जिंकली. १९८६ मध्ये सोल येथील आशियाई क्रीडास्पर्धेत चार सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळविले. १९८७ मध्ये पुस्तक निघाले, परंतु आयुष्य काही पुस्तकाबरोबर थांबत नाही. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये दुखावलेल्या पायाने त्या प्राथमिक फेरीतच मागे पडल्या. ऑलिंपिकचे पदक त्यांना कधीच मिळाले नाही. तेव्हा २००२ मध्ये त्यांनी केरळात मुलींसाठी धावण्याची शाळा काढली. आपल्याला जे थोडक्यात हुकले, ते दुसऱ्या कोणा मुलीच्या हाती यावे, ह्यासाठी त्या आपले ज्ञान देऊ लागल्या.

ह्या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही येतो. १९८४ मध्ये उषा अंतिम फेरीत धावल्या. त्यानंतर तब्बल ३२ वर्षे एकाही भारतीय स्त्रीला ऑलिंपिकच्या धावमार्गावर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठता आली नाही. २०१६ मध्ये रिओ येथे ती गाठली ललिता बाबर ह्यांनी. त्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मोही गावच्या. तो भाग पावसाच्या दृष्टीने कायमचा तुटीचा. शाळेत त्या आरंभी खो-खो खेळत. रिओ येथे ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा नवा भारतीय उच्चांक केला आणि अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. निकालाच्या कागदावर दहावा क्रमांक फारसा कोणी वाचीत नाही. पण माणच्या माळावर धावणाऱ्या मुलीला त्या दहाव्या क्रमांकाचा अर्थ अचूक कळतो.

मुलींनो, तुमच्यापैकी कोणी कबड्डी खेळत असेल, कोणी धावत असेल, कोणी मल्लखांबावर चढत असेल. एक साधी वही करा. ज्या दिवशी जिंकाल, त्या दिवशी तीत तारीख व निकाल लिहा. ज्या दिवशी हराल, त्या दिवशी थोडे अधिक लिहा : काय चुकले, कोणी सावरले, उद्या काय करावयाचे. आणि मुलग्यांनो, तुमच्या बहिणीच्या हाती अशी वही दिसली, तर तिची थट्टा न करता मैदानावर जाताना तिची सोबत करा. विल्माचा पाय चोळण्यात तिच्या भावांचेही हात होते, हे विसरू नका.

पुढे कधी त्या वहीचे पुस्तक होईल किंवा होणारही नाही. पण वर्षाअखेरीस ती उघडून पाहाल, तेव्हा तुमच्या ध्यानात येईल की, विजयाची पाने लवकर वाचून संपतात. ज्या पानाशी तुम्ही थबकाल आणि ज्यातून काही शिकाल, ते बहुधा पराजयाचेच पान असेल.

स्वाध्याय

१. निकालाच्या कागदावरून कोणत्या गोष्टी कळतात व कोणत्या कळत नाहीत?
२. टस्किगी येथील पराजयातून विल्मा रुडॉल्फ काय शिकली?
३. बचेंद्री पाल ह्यांनी मोहिमेच्या नेत्याला दिलेल्या दोन उत्तरांवरून त्यांच्या स्वभावाविषयी काय समजते?
४. ‘आंब्याला मोहर येतो तेवढी फळे धरत नाहीत’ हे वाक्य लेखात कोणत्या संदर्भात आले आहे, ते स्पष्ट करा.
५. तुम्ही हरलेल्या एखाद्या खेळाची हकीकत व दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केले, हे दहा-बारा ओळींत लिहा.